रिची बेनॉ : समालोचनविद्येचा आजन्म विद्यार्थी

बेनॉ, रिची (रिचर्ड) : ६ ऑक्टोबर १९३० – १० एप्रिल २०१५. ऑस्ट्रेलियाचे लेगस्पिन गोलंदाज, कसोटी कर्णधार, पत्रकार आणि दूरचित्रवाणीवरील क्रिकेट समालोचनाला शिस्त लावणारे प्रक्षेपक. वयाच्या ८४व्या वर्षी सिडनी येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. त्यांनी शेवटची कसोटी खेळली १९६४ मध्ये. म्हणजे २०१५ च्या एप्रिलमध्ये ज्यांना घरातले वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले, त्यांतील बहुतेकांनी त्यांना प्रत्यक्ष खेळताना कधी पाहिलेच नव्हते. त्यांच्या ओळखीचा होता तो एक आवाज, एक फिकट क्रीम रंगाचे जाकीट आणि समोरचा खेळ समजावून सांगण्याची एक अत्यंत संयत रीत.

त्या आवाजाचे गुणगान पुष्कळ झाले आहे व ते योग्यच आहे. परंतु त्या आवाजामागे जे शिक्षण होते त्याची नोंद नीट व्हायला हवी, असे मला वाटते. मोठा खेळाडू निवृत्त झाला की तो आपोआप समालोचक होतो, असे आज आपण गृहीत धरतो. बेनॉ यांनी हा व्यवसाय कीर्तीच्या जोरावर पत्करला नाही. खेळत असतानाच, एखादी विद्या गुरुगृही जाऊन शिकावी तशी त्यांनी ती शिकून घेतली. किंबहुना त्यांच्या आयुष्यातील प्रत्येक कौशल्याचा उगम शोधत गेले, तर तेथे कोणीतरी जाणकार माणूस आणि त्याच्यासमोर प्रश्न घेऊन उभे असलेले बेनॉ दिसतात.

पहिले गुरू वडीलच. लुई बेनॉ हे न्यू साऊथ वेल्समधील खेड्यापाड्यांच्या शाळांत शिकवणारे शिक्षक आणि उत्तम लेगस्पिनर. पेनरिथ गावाकडून खेळताना एकाच सामन्यात प्रतिस्पर्ध्यांचे सर्वच्या सर्व २० गडी बाद करण्याचा विक्रम त्यांनी केला होता. शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारात आणि दूरच्या बदल्यांत त्यांची स्वतःची मोठ्या क्रिकेटची संधी हुकली. मुलाच्या वाट्याला तसे येऊ नये, ही त्यांची इच्छा होती. रिची पेनरिथला जन्मले व पुढे पॅरामॅटा परिसरात वाढले. धाकटे बंधू जॉन हेही ऑस्ट्रेलियाकडून तीन कसोटी सामने खेळले.

लेगस्पिन ही क्रिकेटमधील सर्वांत कष्टसाध्य कला मानली जाते. मनगट, बोटे आणि खांदा यांच्या एकत्रित क्रियेतून चेंडू फिरतो आणि त्यांपैकी एक जरी चुकला तरी तो फलंदाजाच्या सोयीचा होतो. १९५२ मध्ये कसोटी पदार्पण झाल्यानंतर बेनॉ यांची पहिली काही वर्षे बेताचीच गेली. या काळात ऑस्ट्रेलियाचे माजी लेगस्पिनर बिल ओरायली यांनी त्यांना दिलेला सल्ला असा की, विविधतेचा मोह आवरावा आणि एकच लेगब्रेक इतका घोटावा की तो हवा तेव्हा, हव्या त्या टप्प्यावर पडला पाहिजे. इंग्लंडमध्ये ऑस्ट्रेलियाचेच लेगस्पिनर ब्रूस डूलंड यांनी त्यांना ‘फ्लिपर’ शिकवला. अंगठा व बोटे यांच्या चिमटीतून सुटणारा हा चेंडू टप्पा पडल्यावर खाली राहून वेगाने आत येतो. बोटांची साले निघून गोलंदाजी अशक्य व्हायची, त्यावर न्यूझीलंडमधील टिमारू येथील एका औषधविक्रेत्याने कॅलमाइन द्रावण आणि बोरिक पावडर असा साधा उपाय सांगितला. तोही त्यांनी मनापासून स्वीकारला आणि पुढे कारकीर्दभर पाळला. ज्ञान कोणाकडून येते आहे याचा दर्जा त्यांनी कधी तपासला नाही.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. ६३ कसोटींत २४८ बळी आणि २,२०१ धावा. कसोटीत २०० बळी व २,००० धावा असा दुहेरी टप्पा गाठणारे ते पहिले खेळाडू. २८ कसोटींत त्यांनी नेतृत्व केले, त्यांतील १२ जिंकल्या आणि केवळ ४ गमावल्या. कर्णधार म्हणून एकही मालिका ते हरले नाहीत.

या चार पराभवांपैकी एक आपल्या परिचयाचा आहे. १९५९-६० च्या भारत दौऱ्यावर दिल्लीच्या पहिल्या कसोटीत, भारताच्या पहिल्या डावात बेनॉ यांनी ३.४ षटके टाकली. तिन्ही पूर्ण षटके निर्धाव, धावा शून्य आणि बळी तीन. लगेचच्या कानपूर कसोटीत मात्र ऑफस्पिनर जसू पटेल यांनी पहिल्या डावात ६९ धावांत ९ आणि सामन्यात १४ बळी घेतले व भारताने ऑस्ट्रेलियावर पहिलावहिला कसोटी विजय मिळवला. त्याच्या तीन वर्षे आधी, १९५६ मध्ये, मद्रास येथे एका डावात ७२ धावांत ७ व कलकत्त्याच्या सामन्यात ११ बळी घेऊन बेनॉ यांनी भारतीय फलंदाजीला सळो की पळो केले होते. सुभाष गुप्ते यांच्यासारखा लेगस्पिनर ज्या मुंबईने घडवला, तेथील प्रेक्षकांनी ब्रेबोर्न स्टेडियमवर याच कलेचा हा दुसरा उस्ताद पाहिला होता.

हे १९५६ साल या लेखाच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे. त्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये होता आणि परतीच्या वाटेवर त्याला पाकिस्तान व भारत येथे खेळायचे होते. मधल्या सुट्टीत पंचविशीतील बेनॉ लंडनला थांबले आणि बीबीसीच्या दूरचित्रवाणी विभागात त्यांनी प्रशिक्षण घेतले. तेव्हा ते संघाचे कर्णधार झालेले नव्हते आणि निवृत्ती आठ वर्षे दूर होती. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ज्या माध्यमाचे शिक्षण ते घेत होते, ते त्यांच्या देशात जेमतेम जन्माला येत होते. ऑस्ट्रेलियातील नियमित दूरचित्रवाणी प्रक्षेपण सिडनीच्या टीसीएन-९ केंद्रावरून सुरू झाले तो दिवस १६ सप्टेंबर १९५६. पुढे याच केंद्राच्या ‘चॅनेल नाइन’ वाहिनीचा चेहरा बेनॉ होणार होते.

बीबीसीत त्यांनी ज्यांचे काम जवळून पाहिले, त्यांत क्रिकेटचा समालोचक प्रमुख नव्हता, हेही महत्त्वाचे. त्यांनी निरीक्षण केले ते घोड्यांच्या शर्यतींचे वर्णन करणारे पीटर ओसलिव्हन, गोल्फचे हेन्री लाँगहर्स्ट आणि टेनिसचे डॅन मॅस्केल यांचे. शर्यत काही मिनिटांत संपते. तिथे एकही चुकीचे नाव परवडत नाही, म्हणून ओसलिव्हन यांच्याकडून पूर्वतयारी शिकता आली. गोल्फमध्ये खेळाडू चेंडूकडे चालत जातो त्या दीर्घ शांततेत काय करायचे, हे लाँगहर्स्ट यांना ठाऊक होते. टेनिसचा गुण चालू असताना मॅस्केल बोलत नसत. तीन खेळांतून तीन निरनिराळे संयम बेनॉ यांनी उचलले आणि ते क्रिकेटमध्ये आणले. मायदेशी परतल्यावर सिडनीच्या ‘द सन’ या दैनिकात त्यांनी हिशेबाच्या टेबलावरून वार्ताहराच्या कामात बदली मागून घेतली आणि गुन्हेवृत्ताच्या विभागात उमेदवारी केली. पोलीस ठाण्यातून मिळालेली बातमी थोडक्यात, नावानिशी आणि अचूक द्यायची हे वळण तिथे लागले.

येथे समालोचनाचे वर्गीकरण पाहणे आवश्यक आहे. मराठीत आपण ‘धावते समालोचन’ हा एकच शब्द वापरतो, पण त्यात निदान तीन वेगळी कामे आहेत. पहिले, नभोवाणीवरील चेंडूगणिक वर्णन. इथे श्रोत्याला दिसत काहीच नाही. मैदान, आभाळ, क्षेत्ररचना, गोलंदाजाची धाव हे सर्व शब्दांतच उभे करावे लागते. दुसरे, दूरचित्रवाणीवरील भाष्य. प्रेक्षकाला सर्व दिसते आहे, त्यामुळे दिसणाऱ्या गोष्टीचे वर्णन हा त्याच्या बुद्धीचा अवमान ठरतो. जे दिसत नाही, ते सांगायचे. तिसरे, तज्ज्ञाचे विश्लेषण, जे दोन चेंडूंच्या किंवा दोन षटकांच्या मधल्या जागेत बसवायचे असते. या तिन्हींची सरमिसळ हा समालोचनातील सर्वांत जुना दोष आहे आणि आजही तो गेलेला नाही.

या दोषाचे मूळ इतिहासात आहे. क्रिकेटचे नभोवाणीवरील पहिले समालोचन १९२२ मध्ये सिडनीत झाल्याचे मानले जाते. लॉर्ड्सवरील कसोटी प्रथम दूरचित्रवाणीवर दिसली ती जून १९३८ मध्ये. त्याच मोसमात ऑस्ट्रेलियात एक विलक्षण प्रयोग चालू होता. इंग्लंडहून दर षटकामागे तारा येत, सिडनीच्या स्टुडिओत बसलेले समालोचक त्यांच्या आधारे सामना जणू डोळ्यांसमोर चालला आहे असे वर्णन करीत आणि बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज पेन्सिलीने लाकडावर टकटक करून काढीत. या कृत्रिम समालोचनाने मध्यरात्रीपर्यंत लाखो लोक जागवले. तेव्हा बेनॉ सात वर्षांचे होते. शब्दांची ही ताकद इतकी प्रभावी ठरली की, पुढे चित्र आले तरी समालोचकांची जीभ नभोवाणीच्याच सवयीने चालत राहिली.

आपल्याकडे ही परंपरा नभोवाणीचीच होती आणि ती समृद्ध होती. मुंबईत बॉबी तल्यारखान दिवसभर एकट्याने इंग्रजीतून बोलत. पुण्याचे बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत आणले आणि घराघरांत पोहोचवले. पंडित यांचे निधनही २०१५ सालीच, सप्टेंबरमध्ये झाले. ज्यांचे कान पंडितांच्या ओघवत्या वर्णनावर तयार झाले होते, त्यांना ऑस्ट्रेलियातून होणाऱ्या प्रक्षेपणातले बेनॉ प्रथम कोरडे वाटणे स्वाभाविक होते. भल्या पहाटे उठून, रजई पांघरून दूरचित्रवाणीसमोर बसायचे आणि पडद्यावरचे हे गृहस्थ अख्खे षटक गप्प! मैदानावरचा सीगल पक्ष्यांचा आवाज ऐकू यायचा, गर्दीचा गलबला ऐकू यायचा आणि मग अचानक एक वाक्य यायचे, ज्यामुळे गेल्या सहा चेंडूंचा अर्थ लागायचा. दोघांच्या शैली परस्परविरोधी भासतात. प्रत्यक्षात दोघेही आपापल्या माध्यमाशी तंतोतंत प्रामाणिक होते.

बेनॉ यांनी आपले नियम वेळोवेळी सांगितले आहेत. पडद्यावरील चित्रात भर घालता येत असेल तर बोलावे, एरवी थांबावे. विरामाचे मोल ओळखावे. ‘अर्थातच’ आणि ‘पडद्यावर आपण पाहतच आहात’ यांसारखे भरीचे शब्द टाळावेत. ‘आम्ही’ किंवा ‘ते’ या नावाचा कोणताही संघ जगात नाही. ‘आपण जिंकलो’ असे सहज म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हा नियम कठीण वाटेल, पण निःपक्षपातीपणाची याहून सोपी कसोटी नाही. शोकांतिका, आपत्ती असे शब्द जपून वापरावेत, असाही त्यांचा आग्रह असे. टायटॅनिकचे बुडणे आणि इथिओपियातील दुष्काळ यांच्या पंक्तीला सुटलेला झेल बसवता येत नाही, असे ते म्हणत. शब्दांच्या या काटकसरीकडे लोक स्वभावविशेष म्हणून पाहतात. माझ्या मते तिचे नाते ओरायलींच्या सल्ल्याशी आहे. एकच चेंडू घोटायचा आणि बाकीचे क्वचित, नेमक्या क्षणी बाहेर काढायचे.

खेळाडू म्हणून त्यांनी घेतलेल्या दोन निर्णयांवरून त्यांच्या बुद्धीची जात कळते. डिसेंबर १९६० मध्ये ब्रिस्बेन येथे वेस्ट इंडिजविरुद्ध शेवटच्या दिवशी चहापानाला ऑस्ट्रेलियाचे सहा गडी बाद झाले होते आणि विजय बराच दूर होता. निवड समितीचे प्रमुख डॉन ब्रॅडमन यांनी काय विचार आहे असे विचारले, तेव्हा बेनॉ यांचे उत्तर जिंकायचे आहे असेच होते. त्यांनी स्वतः ५२ धावा केल्या. शेवटच्या षटकात वेस हॉल यांच्यासमोर तीन गडी पडले आणि कसोटी इतिहासातील पहिला बरोबरीचा सामना घडला. दुसरा प्रसंग १९६१ मधील ओल्ड ट्रॅफर्डचा. इंग्लंडला विजयासाठी २५६ धावा हव्या होत्या आणि टेड डेक्स्टर यांच्या घणाघाती ७६ धावांमुळे धावफलक १ बाद १५० होता. बेनॉ यांचा खांदा दुखावलेला होता. आदल्या रात्री त्यांनी निवृत्त झालेले सहकारी रे लिंडवॉल यांना गाठून विचारले होते की, यष्टीच्या दुसऱ्या बाजूने येऊन, गोलंदाजांच्या बुटांनी उकरलेल्या खडबडीत जागेवर चेंडू टाकला तर? लेगस्पिनर सहसा असे करीत नसे. लिंडवॉल यांनी जोखीम सांगितली, पण प्रयत्न करण्याजोगा आहे असेही सांगितले. बेनॉ यांनी ७० धावांत ६ बळी घेतले. इंग्लंडचे कर्णधार पीटर मे यांचा त्रिफळा त्यांच्या पायांमागून उडाला आणि ऑस्ट्रेलियाने ५४ धावांनी सामना जिंकून ॲशेस राखली. कर्णधार असतानाही रात्री कोणाच्या तरी दारी जाऊन विचारण्याची ही वृत्ती मला त्या सहा बळींपेक्षा थोर वाटते.

१९६० मध्ये त्यांनी बीबीसीच्या नभोवाणीवर समालोचन केले आणि १९६३ पासून दूरचित्रवाणीवर. इंग्लंडमध्ये १९९९ पर्यंत बीबीसी आणि २००५ पर्यंत चॅनेल फोर, तर ऑस्ट्रेलियात १९७७ पासून चॅनेल नाइन. उत्तर व दक्षिण गोलार्धांतील उन्हाळे पाळीपाळीने येत असल्यामुळे बेनॉ व त्यांच्या पत्नी डॅफ्नी यांनी कित्येक दशके हिवाळाच पाहिला नाही म्हणायला हरकत नाही.

१९७७ चा उल्लेख थोडा अधिक करायला हवा. त्या वर्षी चॅनेल नाइनचे मालक केरी पॅकर यांनी प्रस्थापित क्रिकेट मंडळांविरुद्ध ‘वर्ल्ड सिरीज क्रिकेट’ उभे केले आणि बेनॉ यांनी त्यांचे सल्लागार होणे पत्करले. ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार बंडखोरांना जाऊन मिळाला, याचा अनेकांना राग आला व काही जुने स्नेह तुटले. परंतु खेळाडूंना मिळणारे मानधन अन्यायकारक आहे, हे त्यांचे मत जुने होते. या बंडातून प्रकाशझोतातील सामने, पांढरा चेंडू व रंगीत पोशाख रुजले आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना कॅमेरे आले. पूर्वी एकाच टोकाच्या कॅमेऱ्यामुळे दर दुसऱ्या षटकात प्रेक्षकाला फलंदाजाची पाठच दिसे. आता प्रत्येक चेंडू समोरून दिसू लागला. चित्र जितके संपन्न झाले, तितकी शब्दांची गरज कमी झाली आणि बेनॉ यांनी २१ वर्षांपूर्वी लंडनमध्ये घेतलेला धडा आता पुरता लागू पडला.

संयमाचा अर्थ मिळमिळीतपणा नव्हे, हे १ फेब्रुवारी १९८१ रोजी सिद्ध झाले. मेलबर्न येथे न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर षटकार हवा होता. कर्णधार ग्रेग चॅपेल यांच्या आज्ञेवरून त्यांचे बंधू ट्रेव्हर यांनी चेंडू हाताखालून जमिनीलगत सरपटत टाकला. तेव्हाच्या नियमांत ते बसत होते. सामन्यानंतर बेनॉ कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि आवाज न चढवता, हाती कागद न घेता त्यांनी निवाडा दिला : ही लाजिरवाणी गोष्ट आहे, क्रिकेटच्या मैदानावर आपण पाहिलेल्या सर्वांत वाईट गोष्टींपैकी एक आहे आणि ती पुन्हा घडू देता कामा नये. वाहिनी ऑस्ट्रेलियाची, संघ ऑस्ट्रेलियाचा आणि बोलणारा ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार. वर्षानुवर्षे जपून वापरलेल्या शब्दांचे वजन त्या दिवशी कामी आले.

जून १९९३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर शेन वॉर्न यांनी ॲशेसमधील आपला पहिला चेंडू टाकला. लेगच्या बाहेर पडून तो माइक गॅटिंग यांच्या ऑफ यष्टीवर आदळला. बेनॉ यांनी काही मोजकी वाक्ये उच्चारली : त्याने करून दाखवले, चेंडू अतिशय सुंदर होता, काय झाले ते गॅटिंगला अजूनही कळलेले नाही. बस्स. त्या चेंडूमागची क्रिया त्यांच्याइतकी जाणणारी माणसे जगात मोजकीच होती. तासभर व्याख्यान देण्याचा अधिकार असताना त्यांनी प्रेक्षकाला आश्चर्य भोगू दिले. तरुण वॉर्न यांना बेनॉ यांनीच सांगितले होते की, आधी जोरकस वळणारा लेगब्रेक पक्का कर, त्याला चार वर्षेही लागतील. ओरायलींचा तो सल्ला एका पिढीचा मुक्काम करून पुढे गेला होता.

इंग्लंडमधील त्यांचे शेवटचे समालोचन १२ सप्टेंबर २००५ रोजी ओव्हलवर झाले. पुढील मोसमापासून तेथील क्रिकेट सशुल्क वाहिनीवर जाणार होते आणि बेनॉ यांचा आग्रह होता की, खेळ सर्वांना विनामूल्य दिसला पाहिजे. म्हणून ते थांबले. निरोपाचे चार शब्द बोलत असतानाच ग्लेन मॅक्ग्रा यांनी १५८ धावांवरील केविन पीटरसन यांचा त्रिफळा उडवला. ४२ वर्षांच्या सेवेचा निरोप त्यांनी मध्येच थांबवला, बळीची नोंद दिली, फलंदाजाचे कौतुक केले आणि मग अर्धे राहिलेले वाक्य उचलले.

ऑक्टोबर २०१३ मध्ये सिडनीत आपली जुनी सनबीम अल्पाइन मोटार चालवताना त्यांना अपघात झाला. त्यानंतर ते समालोचन कक्षात परतू शकले नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी त्वचेचा कर्करोग झाल्याचे स्वतः सांगितले. तरुणपणी संघातील ज्येष्ठ सहकारी कीथ मिलर कधी टोपी घालीत नसत, म्हणून त्यांचे पाहून आपणही घातली नाही, असे त्यांनी स्पष्ट केले आणि मुलांनी उन्हात टोपी घालावी, त्वचेला संरक्षक मलम लावावे, असे आवर्जून सुचवले. थोरांचे पाहून शिकणे हा ज्यांचा आयुष्यभराचा मार्ग होता, त्यांनी त्याच मार्गावरचा एक धडा चुकीचा होता, हे इतक्या सरळपणे सांगावे, याने मन भरून येते.

निधनानंतर सरकारने शासकीय इतमामातील अंत्यसंस्काराची तयारी दर्शवली. डॅफ्नी यांनी ती नम्रपणे नाकारली आणि मोजक्या आप्तांच्या उपस्थितीत खाजगीरीत्या त्यांना निरोप देण्यात आला. त्यापूर्वी चारच महिने, डिसेंबर २०१४ मध्ये, अ‍ॅडलेड कसोटीच्या आरंभी मैदानावरील पडद्यावर एक छोटी चित्रफीत दाखवली गेली. उसळता चेंडू लागून मृत्यू पावलेले ऑस्ट्रेलियाचे २५ वर्षांचे फलंदाज फिलिप ह्यूज यांना ती श्रद्धांजली होती. तिला आवाज बेनॉ यांचा होता, आजाराने थकलेला पण उच्चारांत तसाच स्पष्ट. वाक्ये तुटक होती, त्यांच्यामध्ये विराम होते आणि शेवटी त्यांनी त्या मुलाला शांत निजण्यास सांगताना ‘बाळा’ अशा अर्थाची हाक मारली. भरलेले मैदान निःशब्द उभे होते.